बाळ मांडीवर की सीटवर?



मेहकरकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पहिलेच बाळ, सात महिन्यांचे. तिच्या भावाने भाच्यासाठी पुण्याहून मोटारीत बसवायची खास सीट पाठवली. ती सीट गेले दोन महिने माळ्यावर पडून आहे. सासूबाई म्हणतात, "आई आसताना लेकराले खुर्चीले बांधून नेता काय व? आम्ही चार लेकरं अशीच वाढवली." नवरा म्हणतो, "आपल्याकडे कोण विचारतं?" आणि ती बिचारी विचारते, ताई, असा कायदा खरेच आहे का? आणि असला तरी मी घरात काय म्हणून सांगू?

कायदा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तीत १९४-ब हे नवे कलम आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू झाले. चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल गाडीत पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटने नीट बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला आणि तशी ती चालवू देणाऱ्यालाही १,००० रुपये दंड, असे त्यात लिहिले आहे. मूल कुणाचे, हा प्रश्नच नाही. भाच्याला, पुतणीला, शेजारच्या पिंटूला घेऊन निघालात तरी जबाबदारी चालवणाऱ्याची. आणि आईची मांडी चालेल, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही.

आता पतिराजांचे म्हणणे. ते खोटे नाही. बाळाची सीट नाही म्हणून आमच्या खामगावात कुणाला दंड झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. चौकातला हवालदार हेल्मेट बघतो, कागद बघतो, फार तर चालकाचा पट्टा बघतो. मागच्या सीटवर पदराखाली झोपलेल्या बाळाकडे तो पाहत नाही, आणि पाहिलेच तर कौतुकानेच पाहतो. म्हणून हा कायदा आपल्याकडे चालायचा असेल तर तो घरातूनच चालेल. बाळ कुठे बसायचे हे बहुतेक घरांत आईच ठरवते, निदान ते तिच्या हातात तरी असते. म्हणून आज मांडीबद्दलच बोलू.

आपल्याला वाटते, बाळ आपल्या मिठीत आहे, दोन्ही हातांनी घट्ट धरले आहे, आणखी काय हवे? आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडून मी मधल्या सुट्टीत हा हिशोब मांडून घेतला. (मी बी.ए. माझे गणित वाण्याच्या बिलापुरते.) त्यांनी सांगितले ते असे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाला बसणारा दणका सुमारे ३२ फुटांवरून खाली पडल्यासारखा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. ताशी ४० चा वेग असेल तर वीस फूट, म्हणजे दुसरा मजला. "गावातल्या गावात काय होतंय?" असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा मजला लक्षात ठेवावा. आणि धक्का बसताना अर्ध्या मीटरच्या आत सगळे थांबले असे धरले, तर ५० च्या वेगात दहा किलोचे बाळ हातात धरून ठेवायला जवळजवळ दोनशे किलोचे ओझे पेलण्याइतकी ताकद लागते. सिमेंटची चार पोती! डोळ्याचे पाते लवायच्या आत, कसलीही पूर्वसूचना नसताना. आईच्या मायेची परीक्षा इथे नाहीच, हाडामांसाच्या हातांची आहे, आणि कोणत्याच हातांना ते जमत नाही.

त्यातही मांडीचे दोन प्रकार. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर ती पुढे फेकली जाते आणि तिच्या पन्नास-साठ किलो वजनाखाली बाळ सापडते. काहीजणी हुशारी करतात, एकाच पट्ट्यात स्वतःला आणि बाळाला गुंडाळतात. हे तर त्याहून वाईट. आईचा सगळा भार आणि समोरून तो पट्टा, या दोहोंच्या मध्ये ते चिमुकले पोट येते.

हा मांडीचा मोह आपल्याच देशातला आहे असे समजू नका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९७७ साली लहान मुलांना गाडीत खास सीटवरच बसवावे असा कायदा केला. तिथल्या राज्यांत हा पहिला. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी पिच्छा पुरवला होता. पण कायदा होताना त्यात एक फट राहिली: मूल मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर चालेल. ऐकायला किती गोड वाटते, नाही का? डॉक्टरांच्या बाजूची मंडळी मात्र तिला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. ती फट बुजायला १९८१ साल उजाडले. १९८५ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. म्हणजे मांडी सुरक्षित नाही, हे कायदे करणाऱ्यांच्याही गळी उतरायला चार वर्षे लागली. मग आपल्या सासूबाईंना दोन महिने लागले तर रागवायचे कशाला?

सासूबाईंचा खरा आक्षेप 'बांधण्या'ला आहे. त्यांना असे सांगून पाहा. आपण बाळाला बांधत आलोच आहोत की! बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यात हातपाय घट्ट गुंडाळून ठेवतो, ते कशासाठी? बाळ दचकू नये म्हणून. निंदायला गेलेली बाई बांधावरच्या लिंबाला झोळी बांधते आणि लेकरू तीत टाकते, त्याने रांगत विहिरीकडे जाऊ नये म्हणून. गाडीतला पट्टा हा त्याच जातीचा. आणि आजीला जागा द्यायची ती बाळाच्या शेजारचीच. खुळखुळा तिच्या हातात, बाळाचा हात तिच्या हातात. आपल्याला बाजूला सारले नाही, हे कळले की निम्मा विरोध मावळतो. हे मी चार घरांत पाहिलेले आहे.

आता सीट बसवायची कशी, ते पाहू. वर्ष-सव्वा वर्षापर्यंतच्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करायचे, म्हणजे बाळ उलटे बसते. हे पाहून घरात सगळे हसतात. पण कारण समजून घ्या. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या पाव हिस्सा असते आणि मान अजून कोवळी असते. समोर तोंड करून बसवले तर धक्क्याने ते जड डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण त्या मानेवर येतो. उलटे बसवले की पाठ, मान, डोके एकदमच सीटच्या पाठीत दाबले जातात आणि मार पसरून जातो. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या संशोधकाला १९६०च्या दशकात सुचली, ती अंतराळवीरांवरून. उड्डाणाचा सगळा जोर पाठीवर झेलता यावा अशा रीतीने त्यांना बसवतात, मग बाळाला का नको? तेव्हा बाळ उलटे बसलेले पाहून कुणी हसले तर सांगा, अंतराळवीरसुद्धा असेच बसतात. जमेल तितके दिवस, सीटच्या पुस्तिकेत दिलेले वजन-उंची गाठेपर्यंत, उलटेच ठेवा. दोन वर्षांपर्यंत ठेवता आले तर उत्तमच.

त्यानंतर पुढे तोंड करून, खांद्यावरून आणि कमरेवरून येणाऱ्या सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत. साधारण चार वर्षांचे झाले की उंच बैठक, जिला बूस्टर म्हणतात. तिचे काम एवढेच, की मोठ्यांचा पट्टा मुलाला नीट बसावा. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडावर टेकला पाहिजे, पोटावर नको. वरचा पट्टा छातीवरून आणि खांद्यावरून गेला पाहिजे, गळ्यावरून नको. मूल पावणेपाच फुटांच्या आसपास उंच होईपर्यंत हे बहुधा जमत नाही. म्हणजे चौथी-पाचवीतले पोरही गाडीच्या दृष्टीने लहानच. पट्टा टोचतो म्हणून मुले तो काखेखालून घेतात, तेवढे मात्र करू देऊ नका.

आणि सीट नेहमी मागे. उलट्या तोंडाची सीट पुढे, चालकाच्या शेजारी, कधीही लावायची नाही. नव्या मोटारींत त्या जागेसमोर हवेची पिशवी असते. ती मोठ्या माणसाच्या जिवासाठी आहे. बाळाच्या सीटच्या पाठीवर ती फुटली तर त्याच्या डोक्यालाच मार. समोर ऊन अडवायची जी झडप असते, तिच्यावर याचे चित्र छापलेले असते. आपण ते टिकल्या लावायच्या आरशापलीकडे कधी पाहतच नाही!

मागे बसले की पट्ट्याची गरज नाही, हाही एक पक्का समज. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. महागातली महाग गाडी होती. मागे पट्टा न लावलेला मोठा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, आणि तिथे मधे बाळ असेल तर त्याच्यावर. तेव्हा बाळाला सीट आणि आपण मोकळ्या, असेही नको.

आपल्या जिल्ह्यात हे सगळे आता जास्त निकडीचे झाले आहे, त्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ला शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता मोकळा झाला. मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून तो जातो. पुण्या-मुंबईची लेकरे-सुना आता गाडी काढून एका दिवसात घरी येतात. चांगलेच झाले. पण १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बसला आग लागून २५ माणसे गेली, ती रात्र आपण कुणी विसरलेलो नाही. तो प्रकार निराळा होता, पट्ट्याचा तिथे संबंध नव्हता. मी आठवण काढते ती वेगाच्या धाकासाठी. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. विज्ञानाच्या बाईंच्या हिशोबाने १२० ला सुमारे १८६ फूट होतात. तेवढी उंच इमारत आपल्या गावात आहे तरी का?

एवढ्या लांबच्या प्रवासात सीट हुकते ती रडण्यापाशी. बाळ तासाभराने कंटाळते, रडते, आई कळवळून पट्टा सोडते, पाजायला घेते, आणि मग ते मांडीवरच झोपते. इथे आधीच बेत करावा लागतो. निघण्यापूर्वी पोटभर पाजा. दर दीड-दोन तासांनी थांबायचेच, हे निघतानाच यजमानांकडून कबूल करून घ्या. अगदी तान्हे असेल तर त्याहून लवकर. समृद्धीवर कडेला गाडी उभी करू नका, ते धोक्याचे असते. पेट्रोल पंपावर थांबून बाळाला बाहेर काढा, पाजा, पाठ मोकळी करा. तीन तासांचा रस्ता चार तासांचा होईल. होऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळे मोटारवाल्यांचे झाले. आमच्याकडे आहे एक स्कूटी आणि यांची मोटारसायकल! बरोबर आहे. आपल्या गावांतली निम्म्याहून जास्त लेकरे दुचाकीवरूनच अंगणवाडीत जातात, डॉक्टरकडे जातात, शेगावला दर्शनालाही जातात. त्यांच्यासाठीही नियम आहे, आणि तो फार थोड्या जणींना माहीत आहे. १५ फेब्रुवारी २०२२ला केंद्र सरकारने तो काढला आणि वर्षभराने तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाचे मूल दुचाकीवर असेल तर तीन गोष्टी हव्यात. एक, मुलाला जाकिटासारखे पट्टे घालून ते चालवणाऱ्याच्या अंगाशी जोडायचे. दोन, मुलाच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट. मुलांचे सायकलचे प्रमाणित हेल्मेटही चालते. तीन, वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही. ते पट्ट्याचे जाकीट हलके, पाण्याने खराब न होणारे आणि ३० किलो वजन पेलणारे असावे, असे नियमातच लिहिले आहे. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला तर कायद्याने हेल्मेट सक्तीचेच आहे, मग तो के.जी.त का असेना.

नीट वाचा, पट्टे जोडायचे ते चालवणाऱ्याशी. म्हणजे यजमान चालवत असतील तर मूल त्यांच्या पाठीशी बांधलेले आणि तुम्ही मागे. मूल आईकडेच हवे, हा आपला हट्ट इथे सोडावा लागतो. आपल्या कितीतरी जणी मागे बसून मुलाला ओढणीने पोटाशी बांधून घेतात. भावना अगदी योग्य, पण ओढणीची गाठ सुटते आणि तिचे टोक चाकात जाते. त्यापेक्षा ते जाकीट पाच-सातशे रुपयांच्या आसपास मिळते, ते घ्या.

स्कूटीवर मुलाला पुढे, पायांपाशी उभे करतो ना, ते मला सगळ्यांत भीतीचे वाटते. जोरात ब्रेक लावला की मुलाचे तोंड थेट हँडलवर. शिवाय कधी कधी मूलच मूठ पिळते! नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला या नियमात हेल्मेटची अट नाही. पण त्याचा अर्थ चालते असा घेऊ नका. ज्याची मान नीट धरत नाही आणि ज्याच्या मापाचे हेल्मेट नाही, त्याला दुचाकीवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोस द्यायला न्यायचे असेल तर रिक्षा करा. आणि दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस, हा नियम जुनाच आहे. आई, बाबा, ताई आणि दादा अशी चौघांची वरात कायद्यात बसत नाही.

पैशांचे काय, हा प्रश्न उरतो. बरी सीट चार-पाच हजारांपासून पुढे मिळते. घेताना तिच्यावर 'ए.आय.एस. ०७२' हा आपल्याकडचा किंवा वर्तुळातले 'ई' अक्षर असलेला युरोपचा शिक्का पाहा. नुसत्या गाद्यांच्या, पट्टे नसलेल्या बैठका स्वस्त मिळतात, त्यांचा उपयोग नाही. मला एक सुचते. आपल्या खामगावची चांदी प्रसिद्ध, बारशाला मामा, आत्या, काका, सगळेच वाटी-चमचा, वाळे, करगोटा आणतात. एकाच बाळाला चार-चार चांदीच्या वाट्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. एक वाटी ठेवावी आणि बाकीच्यांनी मिळून एक सीट द्यावी. सराफांनी मात्र माझ्यावर रागावू नये!

कुणाची वापरलेली सीट मिळत असेल तर दोनच गोष्टी विचारा. तिची मुदत संपली का, हे तिच्या पाठीवर किंवा तळाशी छापलेल्या तारखेवरून कळते. आणि ती कधी अपघातात सापडली होती का? सापडली असेल तर वरून कितीही चांगली दिसली तरी नको. जिच्याविषयी खात्रीने सांगणारे कुणी नाही, तीही नको. बहिणीची, जावेची असेल तर आनंदाने घ्या.

बसवल्यावर सीटच्या तळाशी, जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहा. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा आवळा. बऱ्याच मोटारींत मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, तिथे अडकणारी सीट असेल तर काम सोपे होते. बाळाचे पट्टे किती घट्ट? खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून पाहा, चिमटीत आला तर सैल आहे. बुलढाण्याकडच्या थंडीत जाड स्वेटर, वर जाकीट घालून बाळाला बांधले की पट्टे वरून घट्ट दिसतात आणि आतून सैल राहतात. म्हणून आधी स्वेटर काढा, पट्टे लावा आणि वरून दुलई पांघरा. उन्हाळ्यात याच्या उलट. आपल्याकडे मे महिन्यात उभ्या गाडीतले पट्ट्याचे लोखंड हात भाजेल इतके तापते. गाडी उन्हात ठेवताना सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा आणि बसवण्यापूर्वी कुलुपाच्या जागी हात लावून पाहा. दोन मिनिटांसाठीसुद्धा बाळाला बंद गाडीत ठेवून दुकानात जायचे नाही, हे निराळे सांगायला नको.

राहिली स्वच्छता. बाळ ओकते, दूध सांडते, बिस्किटे कुस्करते. सीटचे कापडी कव्हर बहुधा निघते, ते साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवा. पट्टे मात्र भिजत घालू नका, ब्लीच तर मुळीच लावू नका, त्याने विणीतला जोर जातो. ओल्या फडक्याने पुसले की पुरे. पट्ट्याच्या कुलुपात चुरा अडकला असेल तर सीट उलटी करून झटका. तेल घालू नका.